खोली अजून कच्ची आहे

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे सबुरीशेठ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण गल्ली इतकी अरुंद आहे की पाठीमागचं बोलणंही समोरच ऐकू येतं. ह्यांना त्याचं काही वाटत नाही. एकदा दूधवाल्याच्या तोंडून चुकून तीच हाक निघाली, तर हे ओ देऊन मोकळे. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड होतो. नाव ह्यांचं आणि भोग माझे.

हे चुन्याचा गिलावा करतात. सगळं गाव सिमेंट थापून, रंग फासून राहायला जातं, आणि हे? भट्टीवरून भाजलेला चुना आणणार, पाण्यात सोडणार. तो असा खदखदतो की जवळ उभं राहवत नाही. मग तो हौदात मुरत ठेवणार. लोकांच्या मागच्या अंगणात फुलझाडं असतात, आमच्याकडे चुन्याचा हौद आहे. मग वाळू कालवायची, पहिला थर द्यायचा, त्यावर ओली गोणपाटं टांगायची आणि थांबायचं. दुसरा थर द्यायचा आणि पुन्हा थांबायचं. गिऱ्हाईक विचारतं, "अहो, कधी वाळणार?" ह्यांचं उत्तर ठरलेलं, "वाळायला ती काय चादर आहे? चुना वाळत नाही, पिकतो." गिऱ्हाईक दुसऱ्या वेळी येत नाही. जुन्या इमारती सांभाळणारे दोन-चार हौशी लोक आहेत, त्यांच्यावर आमचं घर चालतं, आणि माझ्या शिवणयंत्रावर.

पिकतो म्हणजे काय, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षं नीट कळलं नव्हतं. हे म्हणायचे, "चुना हवा खातो." मी म्हणायचे, "तुम्हीही तेच करता." पुढे आमची लेक शाळेत विज्ञान शिकवायला लागली आणि तिने एका जेवणात सगळं सांगून टाकलं. चुन्याचा दगड भट्टीत तापला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि दगडाचा चुना होतो. भिंतीवर बसला की तोच वायू तो हवेतून परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. "पण ओल हवी," ती म्हणाली. "वायू आधी ओलीत विरघळणार, मग चुन्याला मिळणार. भिंत कोरडी पडली की संपलं."

हे खूश झाले. "म्हणजे आपण जे घेतो ते परत देतो," म्हणाले.

"दगडातून गेलं तेवढं, तेही बहुतेक," लेक म्हणाली. "भट्टी पेटवायला जे जाळलं त्याचा धूर कोण परत घेणार, बाबा?"

हे जेवायचे थांबले. मला इतका राग आला तिचा! खरं असेल, पण ताटावर बसलेल्या माणसाला सांगायची ही वेळ का?

असो. मला सांगायचं आहे ते मागच्या खोलीचं.

माझे वडील, आप्पा, इस्पितळाच्या धुलाईखान्यात बॉयलरवर होते. जन्मभर फावड्याने कोळसा ओढला. त्यांचं सगळंच काम घाईचं. वरच्या मजल्यावर चादरींचे ढीग पडलेले आणि खाली वाफ कमी पडली तर आप्पांचा उद्धार. हे मला बघायला आमच्या घरी आले तेव्हा आप्पांनी विचारलं, "एक खोली करायला किती दिवस लागतात?" हे म्हणाले, "सांगता येत नाही." झालं! आप्पांनी मला आत बोलावून सांगितलं, "हा माणूस तुला चुना लावणार." मी हट्टाने लग्न केलं. तेव्हापासून आप्पा ह्यांना 'जावईबापू' म्हणत आणि अहो-जाहो करत, ते इतकं ठासून की त्यापेक्षा शिव्या बऱ्या. भांडण कधीच झालं नाही. आले की चहा घ्यायचे आणि कप खाली ठेवायच्या आधी उठायचे.

आई गेल्यावर आप्पा दादाकडे राहायला गेले. दादा माणूस वाईट नाही, वहिनीही वाईट नाही. पण घर दुकानाच्या वर, जागा एवढीशी. आप्पांची पथारी माल ठेवायच्या खोलीत, खोक्यांच्या मधे, आणि त्या खोलीला खिडकी नाही. त्यात आप्पांची छाती गेलेली. डॉक्टरांनी मला समजावलं होतं, त्यांचा श्वास आत जातो पण नीट बाहेर पडत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून राहतो. म्हणून मग सकाळी डोकं दुखतं, दिवसा डुलक्या येतात. मी म्हटलं, आप्पा, माझ्याकडे चला. तर म्हणाले, "जावयाच्या बैठकीत खाट टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत पडू? वेगळी खोली असेल तर बोल."

खोली होती. मागची. ह्यांची अवजारं आणि गोण्या कोंबलेली, सिमेंटच्या भिंतींना घाम सुटलेला आणि कोपऱ्यात काळी बुरशी. हे म्हणाले, ह्या बुरशीत छातीचा रोगी ठेवायचा नाही, सगळा गिलावा खरवडून चुन्याचा करतो. मला पटलं. पटणारच, बोलायला लागले की हे पटवतातच, म्हणून तर लग्न झालं.

आणि मग सुरू झालं ते थांबणं. मी आठवड्यातून एकदा-दोनदा दादाकडे जायचे आणि दर खेपेला आप्पा थोडे कमी झालेले असायचे. घरी यावं तर हे गोणपाटावर पाणी मारताहेत, नव्या पालवीवर शिंपडावं तसे, अगदी हळूच. माझं टाळकं सरकायचं. "अहो, माणूस आधी का भिंत आधी?" हे थापीच्या मुठीने भिंत ठोकून कान लावायचे आणि मान हलवायचे. "अजून कच्ची आहे." हे चार शब्दसुद्धा पुरते नव्हेत, पण ऐकून ऐकून माझ्या डोक्यात घण पडायचे. दादा फोनवर विचारायचा, "झाली का गं खोली?" त्याला काय सांगू? की तुझे मेव्हणे भिंतीची नाडी बघताहेत?

एकदा आप्पांकडून परत आले ती सरळ मोरीच्या कट्ट्यावर बसले. भांडायचंही त्राण नव्हतं. आप्पा मला लहानपणापासून 'चिमणे' म्हणतात. त्या दिवशी मला बघून त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि अर्ध्या हाकेतच दम संपला. बाकीची अर्धी त्यांनी हाताने केली. हे मी ह्यांना सांगितलं. आवाज न चढवता, पहिल्यांदाच. हे ऐकून घेऊन मागच्या खोलीत गेले.

त्यानंतर वहिनी माहेरी गेली म्हणून मी आप्पांजवळ राहायला गेले. परत आले तर घरात शिरल्याशिरल्या ऊब लागली. मागच्या खोलीचं दार उघडते तर काय! खिडकी बंद, गोणपाटं गायब, एका कोपऱ्यात हीटर लालभडक पेटलेला, दोन्ही पंखे घरघरताहेत आणि मधे हे घामाने निथळत उभे. भिंती अशा पांढऱ्या की डोळे दिपावेत.

"झाली," हे म्हणाले.

एवढ्या संसारात हा शब्द मी ह्यांच्या तोंडून वेळेवर कधी ऐकला नव्हता. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. लगेच दादाला फोन केला, लेकीला बोलावून घेतलं, खाट आत सरकवायला लागलो. खाटेचा पाय भिंतीला निसटता लागला आणि ओंजळभर गिलावा खाली आला. पीठ चाळल्यासारखा. मी हात लावला तर हात पांढरा. दुसऱ्या भिंतीला लावला, तीही तशीच.

लेकीच्या पर्समध्ये शाळेच्या प्रयोगशाळेतली एक थेंबांची बाटली होती. भिंत पिकली का ते बघायला ती मुद्दाम घेऊन आली होती. चुना जिथे कच्चा असेल तिथे थेंब गुलाबी होतो, दगड झाला असेल तिथे तसाच राहतो. तिने नखाने खरवडून थेंब सोडला. भडक गुलाबी झाला. आत खरवडलं, तिथेही गुलाबी.

"बाबा, ही नुसती वाळलीय," ती म्हणाली. "ओलच उडवलीत तुम्ही. तुम्हीच तर सगळ्यांना सांगता की..."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?" आता मात्र माझा पारा चढला. "माहीत होतं तर केलंत कशाला हे? दुसऱ्या कोणी पंखा लावला तर त्याच्या अंगावर धावून जाता तुम्ही!"

हे हीटर बंद करून त्याची वायर गुंडाळत बसले. "वाटलं, ह्या एका वेळी ऐकेल," म्हणाले.

ऐकेल! चुना! जन्मभर ज्याच्यासाठी हे थांबले त्याने एकदा ह्यांच्यासाठी घाई करावी, अशी ह्यांची अपेक्षा. ह्यावर काय बोलणार, कपाळ माझं. मी दार आपटून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे रडले. भिंतीसाठी नाही, आप्पांना आता काय सांगायचं ह्यासाठी.

सांगायला हेच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घातल्या आणि निघाले, मी मागोमाग. दादाच्या माल ठेवायच्या खोलीत खोक्यांच्या मधे हे उभे राहिले, हातात टोपी, आणि म्हणाले, "आप्पा, मी घाई केली. हीटर लावून भिंती वाळवल्या. सगळं पीठ झालं. आता पहिल्यापासून करावं लागेल, आणि किती दिवस लागतील ते सांगता येत नाही."

आप्पा ह्यांच्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू. मी पाठ चोळतेय आणि घाबरलेय. दम परत आल्यावर म्हणाले, "अरे, तू घाई केलीस? तू?" थोडं थांबून, "माझ्यासाठी?"

पहिल्यांदा 'अरे' म्हणाले. हे खाली बघत होते. आप्पा माझ्याकडे वळले आणि खुणेने सांगितलं, पिशवी भर. वेगळी खोली नाही, काही नाही, त्याच दुपारी ते आमच्या बैठकीत खाटेवर पडून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघायला लागले. कोणाची चप्पल कुठे झिजलीय ते मला सांगायचे. मी म्हटलं, हेच करायचं होतं तर एवढे दिवस माझा जीव का खाल्लात? तर म्हणे, तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

ह्यांनी मधलं दार बंद करून, धूळ उडू नये म्हणून ओल्या फडक्याने भिजवत भिजवत सगळा गिलावा उतरवला. पुन्हा पहिला थर दिला, पुन्हा गोणपाटं टांगली. आणि तिथून आप्पांनी नवीनच खूळ काढलं. लाकडी खुर्ची घेऊन त्या खोलीच्या दारात बसायचं. मी ओरडले. ओल्या खोलीच्या तोंडाशी छातीचा माणूस! डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, धूळ नसेल आणि खिडकी उघडी असेल तर बसू द्या, गुंडाळून. झालं, मग काय, आप्पांना डॉक्टरांचा पाठिंबा मिळाला.

सगळं लेकीमुळे. तिने त्यांना सांगितलं होतं की भिंतीला हवा असतो तोच वायू आपण श्वासातून सोडतो. आप्पांना हे फार आवडलं. "म्हणजे मला नको तो हिला पाहिजे," म्हणाले. "मग डॉक्टर कशाला? घे गं बाई, घे." आणि भिंतीकडे तोंड करून फुंकर मारायचे, दम लागेपर्यंत. मी डोळे वटारले की थांबायचे.

"आजोबा, हा तुमच्यात येतो कुठून, माहीत आहे?" लेक विचारायची. "जेवणातून. तांदळाच्या रोपाने तो हवेतून घेतला, भात तुम्ही खाल्लात."

"म्हणजे हिच्या हातचा भात भिंतीत चालला. करपलेला असतो, भिंत काळी पडेल," आप्पा म्हणायचे. माझा भात करपत नाही. एकदा करपला होता.

चुना चाळताना ह्यांना एक न भाजलेला खडा मिळाला, त्यावर शिंपल्याची नक्षी होती. तो त्यांनी आप्पांच्या हातात दिला. लेकीने सांगितलं, समुद्राने हा वायू हवेतून घेतला, समुद्रातल्या जीवांनी तो पाण्यातून घेऊन शिंपले केले, ते मेले, तळाशी साचून दगड झाला. आणि आप्पांचा कोळसा म्हणजे जमिनीत गाडली गेलेली जुनी जंगलं. "तुम्ही जंगलंच्या जंगलं धुराड्यातून वर पाठवलीत, आजोबा."

आप्पा तो खडा बोटात फिरवत बसले. "पगार त्याचाच होता," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "जन्मभर वर सोडला. आता थोडा खाली आणतो."

हे भिंतीवर पाणी मारत होते, ते मान न वळवता म्हणाले, "बसा आप्पा, निवांत बसा. चुना जेवायला वेळ लावतो."

दोघांची अशी गट्टी जमली की मला त्याचाही राग यायचा. इतकी वर्षं कुठे गेला होतात रे बाबांनो? हे बॉयलरचं विचारायचे, आप्पा चुन्याचं. फक्त एका गोष्टीवरून आप्पांचं माझ्याशी रोज वाजायचं, ती म्हणजे खिडकी. आप्पा म्हणायचे, "लाव ती. माझा निम्मा श्वास रस्त्यावर चाललाय, फुकट." मी म्हणायचे, "जाऊ दे, तुम्हाला मोकळी हवा पाहिजे." ते म्हणायचे, "मला काय करायचीय, भिंतीला पाहिजे." लेक सांगायची की आजोबा, तुमचा श्वास तो केवढा, रस्त्यावरून तर गाड्यांचा कितीतरी आत येतोय. आप्पांना ते मुळीच आवडायचं नाही. "गाड्यांचा कशाला? मी आहे ना," म्हणायचे. खिडकी मी एकदाही लावू दिली नाही.

शेवटचा थर बसला तेव्हा आप्पांच्या डुलक्या वाढल्या होत्या. बोलता बोलता मान खाली जायची. एका दुपारी हाक मारली तर उठेचनात. इस्पितळात तोंडाला मास्क लावून एक यंत्र त्यांच्या छातीतून नको तो वायू बाहेर काढायचं काम करत राहिलं. मी बाजूला बसून मनात यंत्राला म्हणत होते, जरा घाई कर, बाबा, जरा घाई कर. हे दाराशी उभे होते. आप्पा एकदा शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी ह्यांच्याकडे बघून मूठ हवेत ठोकल्यासारखी केली आणि भुवया उंचावल्या. ह्यांनी मान हलवली. "अजून थोडी कच्ची आहे, आप्पा." खोटं बोलता येत नाही ह्या माणसाला, तेवढ्यापुरतंसुद्धा! आप्पा मात्र हसले, मास्कच्या आत. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्या खोलीत एक झोप काही झाली नाही त्यांची.

मी बरेच दिवस त्या दाराकडे फिरकले नाही. भिंतीचं नाव काढलं तरी मी ह्यांच्यावर तुटून पडायचे. तिने माझ्या वडिलांना वाट बघायला लावली, वेळेवर झाली नाही ती नाहीच. हे एकटेच आत जाऊन पाणी मारून यायचे. मग एक दिवस दादा आला, आप्पांचं राहिलेलं सामान घेऊन, आणि खोली बघून म्हणाला, "वा! आता एक झकास ऑइलपेंट मारा. कोणीतरी राहील तरी."

"हात लावून बघ भिंतीला, तोडून ठेवीन हात," मी म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं. दादा बिचारा चहा न घेताच गेला.

लेक घरीच होती. मी तिला म्हटलं, आण ती तुझी बाटली. आप्पांची खुर्ची दारात होती तिथेच. तिच्याजवळची भिंत मी स्वतः खरवडली. लेकीने थेंब सोडला. तो पाण्यासारखाच राहिला. हे मागे येऊन उभे राहिले होते, त्यांनी मुठीने ठोकलं. भिंत खणखणीत वाजली.

"ही आप्पांमुळे ना?" मी विचारलं. "इथे बसायचे म्हणून?"

लेक बापावर गेलीय, खोटं बोलवत नाही. पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन तिने खरवडलं, थेंब सोडला. तिथेही तसाच. "श्वास एका जागी राहत नाही गं आई. खोलीभर पसरतो. सगळ्या भिंतींनी घेतला. आणि त्यात आजोबांचा आहे, बाबांचा आहे, तुझा आहे..."

"गाड्यांचाही," मी म्हटलं.

"गाड्यांचाही. कुठला कोणाचा, ते आता नाही निवडता यायचं."

 तिने खिळ्याने आणखी खोल खरवडलं आणि थेंब सोडला. अगदी आत, तळाशी, गुलाबी रेघ उमटली.

"हे काय?"

"वरून पिकलीय. आत अजून कच्ची आहे. घेत राहील ती, कितीतरी वर्षं."

"म्हणजे हिला अजून हवाच आहे?" मी ओरडलेच. "देणारा माणूस गेला आणि हिचं अजून संपत नाही? काय म्हणावं हिला!" आणि काय झालं कोण जाणे, मी आप्पांची खुर्ची दारातून ओढून पार आत नेली, भिंतीपुढे मांडली आणि बसले. "घे. घे, माझ्याकडून घे."

लेक हळूच बाहेर गेली. हे आले आणि माझ्या पायाशी जमिनीवर बसले.  रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्यांचा आवाज सगळा आत येत होता.

"अहो," मी म्हटलं, "ती खिडकी लावा."

हे उठले आणि खिडकी लावून परत येऊन बसले.